सिंगापूरच्या जरा पुढे

आमच्या चाळीतले लोक मालकांची गोष्ट हसत हसत सांगतात. रस्त्यावर खडूने काढलेलं बेट, त्यावरून रिक्षावाल्यांशी झालेली भांडणं, सूत तोलायच्या काट्यावर उभं राहणं, त्यासाठी केलेले उपास. ऐकणारा हसतोच. मला ती गोष्ट हसत सांगता येत नाही. सांगायला लागले की माझा आवाज चढतो, आणि मग समोरच्याला वाटतं, हिचं यात काहीतरी वैयक्तिक आहे. आहेच. म्हणून एकदा लिहून बघते आहे. नीट जमेल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि असलं काही लिहायची सवय आमच्यात कुणालाच नाही.

मालक म्हणजे आमच्या चाळीचे मालक. भिवंडीतली ही चाळ त्यांच्या वडिलांनी बांधलेली. खाली पॉवरलूमचे माग, वर आम्ही भाडेकरू. माझे वडील खालच्याच मागांवर कामाला होते. मालकांची वडप्याला हायवेलगत जमीन होती. तिथे भात पिकायचा, मग गोडाऊनं उभी राहिली. त्यामुळे मालकांना काम असं काही उरलं नव्हतं. पांढरा सदरा, लुंगी, गळ्यात जाड साखळी, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून रागावणं.

त्यांना साधं बोलता येत नसे. "जेवलीस का?" हे ते असं विचारत, जणू मी त्यांच्या घरातून काही चोरून खाल्लंय. आमच्याकडे मागांच्या खडखडाटामुळे सगळेच मोठ्याने बोलतात. पण लाइट गेली, माग थांबले, की माणसं आपोआप आवाज खाली आणतात. मालक आणत नसत. सगळी गल्ली गप्प झालेली असायची आणि त्यात त्यांचा एकट्याचा आवाज तेवढाच. लाइटवर ते रागावत, नळावर रागावत, कॅलेंडरवर रागावत. एकदा शिडी घसरली तर त्यांनी शिडीला उभी करून तिला दहा शिव्या घातल्या आणि मग पुन्हा तिच्यावरच चढले.

आणि त्यांचा एक शब्द होता. "दाखव."

कुणाच्याही बोलण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. आई म्हणाली, मालक, मोरीतून पाणी गळतंय, तर "दाखव." वडील म्हणाले, आज सूत कच्चं आलंय, तर "दाखव." मला बारावीला चांगले मार्क पडले, तेव्हाही ओट्यावरून हात पुढे आला. "दाखव." मार्कशीट उलटी-सुलटी करून बघितली, आणि परत देताना ओरडले, "मंग रडतेस कंला?" मी रडत नव्हते.

हा शब्द ते आयुष्यात एकदा बोलायला विसरले, आणि माझा सगळा राग तिथे आहे.

त्यांना एकच मुलगी. मी तिला ताई म्हणायचे. आई लवकर गेलेली, त्यामुळे घर तीच बघायची, आणि घर बघून कॉलेज करायची. मी शाळेत असताना मला इंग्रजी तिनेच शिकवलं, जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून. माग सुरू असले की ती माझ्या तळहातावर बोटाने स्पेलिंग काढायची, कारण ओरडून काही ऐकू जायचं नाही. तिला शिक्षिका व्हायचं होतं. ती सेकंड इयरला होती, परीक्षेचा फॉर्म भरून झाला होता, तेव्हा मध्यस्थाने स्थळ आणलं. मुलगा आपल्यातलाच, इंजिनिअर, परदेशात एका बेटावरच्या वीजकेंद्रात नोकरी. बेट कुठे आहे? मध्यस्थ म्हणाला, "सिंगापूरच्या जरा पुढे."

सिंगापूर सगळ्यांनी ऐकलेलं होतं. भिवंडीच्या जरा पुढे वडपे, वडप्याच्या जरा पुढे पडघा, तसं सिंगापूरच्या जरा पुढे हे बेट. मालकांनी साखरपुड्यात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ओरडून सांगितलं, "सिंगापूरच्या जरा पुढं हाय!" हळदीला रात्रभर बँड वाजला. परीक्षा राहिली. नवरा माणूस वाईट नव्हता, हेही लिहायला हवं. शांत होता. पण ताई गेली ती गेलीच, दोन वर्षं आली नाही, कारण त्या बेटावरून येणं म्हणजे काय असतं ते तोवर आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

फोन यायचा अधूनमधून. त्या फोनवर बोललेलं पोचायला वेळ लागे. आपण बोलायचं, थांबायचं, मग तिकडून उत्तर. मालकांना थांबणं माहीत नव्हतं. ते बोलत सुटायचे, तिचं उत्तर यांच्या पुढच्या वाक्यावर येऊन आदळायचं, आणि दोघांनाही काही कळायचं नाही. "आवाज येत न्हाय!" असं ओरडून ते फोन बंद करायचे. मी एफ.वाय.ला गेले त्या वर्षी अशाच एका फोनवर कळलं की ताईला दिवस गेलेत. तिची तब्येत नाजूक होती आणि डॉक्टरांनी विमानप्रवासाला सक्त मनाई केली होती. ती येणार नव्हती.

मालकांनी फोन ठेवला आणि ओट्यावर उभं राहून सगळ्या चाळीला ऐकवलं. "पयलं बालंतपन म्हायेरचं असतं! ती येऊ शकत न्हाय ना? मंग म्हायेर जाईल तिच्याकडं!"

माझी आई खालून म्हणाली, "मालक, पण तिची आई नाही, आणि तुम्ही एकटे पुरुषमाणूस…"

"आई न्हाय तर म्हायेर पन न्हाय का?"

मग त्यांनी मला बोलावलं. चाळीत कॉलेजात जाणारी मी एकटी. "ए पोरी, चल. तिकीट काढाचा हाय. इंग्रजी येतं ना तुना?" येतं म्हणायचं धाडस नव्हतं, येत नाही म्हणायचंही नव्हतं. मी गेले.

एस.टी. स्टँडजवळ मालकांच्या शाळासोबत्याचं ट्रॅव्हलचं दुकान होतं. सगळी भिवंडी त्यांना चाचा म्हणायची. त्यांच्या घराण्यात पूर्वी कापडाचा व्यापार, आता ते लोकांना मक्केला उमऱ्याला आणि आखातात नोकरीला पाठवत. बेटाचं नाव मी चिठ्ठीवर लिहून नेलं होतं. चाचांनी ते कॉम्प्युटरवर टाकलं, चष्मा वर केला, खाली केला.

"दोस्ता, मी माणसं जेद्दाला पाठवतो, दुबईला पाठवतो. हे कुठून काढलंस?"

"पोरगी हाय तिथं. तू फक्त गाडी सांग."

"गाडी! बरं, ऐक. मुंबई ते सिंगापूर. तिथे उतरायचं, बसायचं. मग ऑस्ट्रेलिया. परत बसायचं. मग फिजी. आणि फिजीहून एक बारकं विमान, हफ्त्यातून दोनदा, हवा ठीक असली तर."

"सिंगापूरला उतरलो की मंग जरा पुढंच ना?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. "अरे, सिंगापूर तर आधं पण नाही झालं," ते म्हणाले.

"दाखव."

चाचांनी मॉनिटर वळवला. स्क्रीनवर जगाचा नकाशा होता, बहुतेक सगळा निळा. मालकांनी खूप वेळ बघितलं. चाचांनी बोट ठेवलं होतं तिथे काहीच दिसत नव्हतं, नुसतं पाणी. मी जवळच उभी होते आणि मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. ते मॉनिटरवर ओरडले, "ही टीव्ही खराब हाय तुझी!"

घरी आल्यावर मला माझा शाळेचा अॅटलास आणायला लावला. मी मागावरचं सूत घेऊन त्यात अंतरं मोजली आणि मालकांनी ती ओट्यावर खडूने काढली. उंबऱ्याशी मुंबई. खांबाजवळ सिंगापूर. ऑस्ट्रेलियातलं विमान बदलायचं शहर ओट्याच्या टोकाजवळ. फिजीला ओटा संपला. आणि बेट गेलं गटारापलीकडे, रस्त्यात. त्यांनी रस्त्यात वाकून एक पांढरा गोल काढला, आणि तिथून उंबऱ्याकडे वळून बघितलं.

त्या दिवसापासून त्या गोलावरून जाणाऱ्या प्रत्येक रिक्षाशी भांडण.

"ए! पोरीच्या घरावरनं गाडी घालतोस?"

"सेठ, ये तो रोड है। घर किधर है?"

"दिसत न्हाय? सफेद काढलंय ते! अंधा है क्या?"

रिक्षावाले लांबून हॉर्न वाजवत यायचे आणि मुद्दाम हसत वळसा घालायचे. संध्याकाळपर्यंत गोल पुसलेला असायचा. सकाळी मालक पुन्हा वाकून काढायचे. लोक हसायचे. मी वरून कठड्याशी उभी राहून बघायचे, आणि मला आठवायचं की याच ओट्यावर ताईच्या लग्नाचा मांडव होता.

तयारी त्यांनी बाळंतिणीच्या आईने करावी तशीच केली. डिंकाचे लाडू करायचे होते. माझ्या आईला बोलावलं, तिने सांगितलं तसा स्वतः डिंक तळला आणि फुलला नाही म्हणून कढईला शिव्या दिल्या. बाळाच्या दुपट्यांसाठी बायकोच्या जुन्या सुती साड्या काढल्या, त्या मात्र गुपचूप धुतल्या आणि स्वतःच वाळत घातल्या. सुंठ, बाळंतशोपा, हळीव. चाचा म्हणाले, "हळीव काढ. बी-बियाणं नेऊ देत नाहीत त्या बेटांवर, विमानतळावर फेकून देतात."

"हालीव काय पेराला नेतंय मी? पोरीला खीर कराला नेतंय!"

"ते त्यांना सांग. सुकट पण काढ."

"सुकट पन? मंग तिथं मी खाऊ काय?"

चाचा हसले. "लेकीच्या घरी जातोयस. लेक वाढील ते खा."

आणि इथे सगळं अडलं. मालकांच्या घराण्यात, आणि आमच्या बाजूच्या पुष्कळ घरांत, लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. दान दिलेल्या लेकीच्या घरचं खायचं नाही, असं ते. नातवंड झालं की मग चालतं. मालक बाळंतपणाच्या आधी पोचायचं म्हणत होते. म्हणजे लेकीचा हात धरायला पोचायचं, पण तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. त्या बेटावर.

जावयाचं पत्र ईमेलने आलं होतं, व्हिसासाठी लागणारं. मी चाचांच्या दुकानात ते मराठीत सांगितलं. 'सासरे आमच्या घरी राहतील, त्यांचं जेवणखाण आणि सगळी व्यवस्था आम्ही करू.'

"काढून टाक ते," मालक म्हणाले.

"अरे, कागद आहे नुसता," चाचा म्हणाले. "तू तिथे काय पितोस ते बघायला कोण येतंय?"

"मी बघतंय ना!"

"मग काय हवा खाणार?"

"पीठ नेतंय. तांदूल नेतंय. इस्टो नेतंय."

"स्टोव्ह! विमानात! या अल्ला." चाचांनी दोन्ही हात डोक्याला लावले. "पोरी, तू तरी समजाव याला."

मी समजावलं. मला जमेल तसं. म्हटलं, मालक, ताईला किती वाईट वाटेल. ते म्हणाले, "तिला माहीत हाय. तिला विचाराची गरज न्हाय." त्यांचं हे वाक्य मी विसरलेली नाही.

शेवटी बेटावरच, धावपट्टीजवळच्या एका गेस्ट हाउसमध्ये खोली घ्यायचं ठरलं. जावयाला नवं पत्र पाठवायला लावलं, मग ते पत्र आणि खोलीचा कागद जुळेनात, मग पुन्हा कागद. या सगळ्यात व्हिसा लांबला. ज्या विमानाने ते वेळेआधी आरामात पोचले असते, ते गेलं. आता पुढचं. मालक चाचांवर ओरडले, वकिलातीवर ओरडले, ऑस्ट्रेलियावर ओरडले. उशीर कुणामुळे झाला, हे त्या दुकानात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोललं नाही. मीही नाही.

आणि मग चाचांनी नवीन माहिती आणली. बेटावर जाणाऱ्या त्या बारक्या विमानात माणसाला सामानासकट काट्यावर उभं करतात. दोन्ही मिळून वजन जास्त झालं तर सामान मागे ठेवतात.

"मानसाला तोलतात? मानूस काय सुताची गोन हाय?"

पण दुसऱ्या दिवशी ते शांतपणे, म्हणजे त्यांच्या मानाने शांतपणे, ओट्यावर बसून म्हणाले, "मी कमी झालो की लाडू जास्त जातील." त्या दिवसापासून त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं. मग सकाळचंही अर्धं केलं. भुकेने राग आणखी वाढला. तरी सदरा सैल पडू लागला, आणि ते तो सैल सदरा लोकांना ओढून दाखवायचे. "बघ! एवढ्यात दुपट्याचं गाठोडं बसलं!"

सगळे हसले, तरी यात काही चांगलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. माझी आई रात्री म्हणाली, "असा बाप बघितला नाही." वडीलही हो म्हणाले. मला मात्र तेव्हा इतका संताप आला की मी ताटावरून उठले. का, ते मलाही सांगता आलं नाही.

ते मग वडप्याच्या गोडाऊनमध्ये माझ्याकडून सांगितलं गेलं. तिथे सुताच्या गोणी तोलायचा मोठा काटा होता, लाल आकडे उमटणारा. मालकांनी आईला आणि मला लाडवांच्या डब्यासकट जीपमधून नेलं, सगळं मिळून किती होतं ते बघायला. गोडाऊनमधले हमाल हातातलं काम टाकून बघायला उभे राहिले. मालक चप्पल काढून काट्यावर चढले. सदरा काढला. साखळी काढली. मग डबा घेतला. आकडा पाहिजे त्याच्या वर गेला.

त्यांनी पत्र्याच्या छताकडे बघून आरोळी ठोकली. "इतक्या लांब बेट ठेवलंय कोनी रे!"

हमाल हसले. आईनेही पदर तोंडाला लावला.

"तुम्ही," मी म्हणाले.

मला वाटलं मी हळू बोलले. पण गोडाऊन निम्मं रिकामं होतं, आवाज घुमला. मालकांनी वळून बघितलं. आणि मग मला थांबता आलं नाही.

"तुम्ही ठेवलंत. ताई सेकंड इयरला होती. फॉर्म भरला होता तिने. सिंगापूरच्या जरा पुढे, सिंगापूरच्या जरा पुढे, हे तुम्हीच सांगत होता सगळ्यांना. आमची मोरी गळली तरी दाखव म्हणता तुम्ही. माझी मार्कशीट दाखव. मग तेव्हा का नाही म्हणालात? माझ्या दप्तरात होता अॅटलास. एकदा दाखव म्हणाला असतात तर मी दाखवलं असतं. आणि आता उपास करताय! आणि एवढं करून तिचं पाणी चालत नाही तुम्हाला!"

आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. हमाल इकडेतिकडे बघू लागले. मालक काट्यावरच उभे होते, उघडे, हातात डबा. मग ते उतरले, सदरा घातला, डबा जीपमध्ये ठेवला आणि आम्हाला तिथेच सोडून निघून गेले.

आम्ही हायवेला चालत आलो आणि सहा सीटर रिक्षा पकडली. आई भिवंडी येईपर्यंत एकच म्हणत होती. "उद्या खोली खाली करा म्हणाला तर कुठे जाऊ आपण? तुला कॉलेजात याच्यासाठी घातलं?" वडिलांनी रात्री मला मारलं नाही, पण माझ्याशी बोललेही नाहीत. मी रडले, भीतीने. पण माझे शब्द मागे घ्यावेत असं मला तेव्हाही वाटलं नाही.

रस्त्यातला गोल नंतर कुणी काढला नाही. रिक्षा सरळ जात होत्या. मालक ओट्यावर बसायचे, पण मी जाताना दुसरीकडे बघायचे. खोली खाली करायला सांगितलं नाही. मग एके दिवशी मी कॉलेजातून येत असताना मागून तीच आरोळी आली.

"ए पोरी! सिंगापूरला किती वेल बसाचा ते परत सांग!"

मी सांगितलं. ऑस्ट्रेलियात कुठल्या बाजूला जायचं, फिजीला बॅग स्वतः घ्यायची, सगळं पुन्हा सांगितलं. ते ऐकून घेत होते. मी थांबले, की आता त्या दिवसाबद्दल काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, "जा आता. उभी कंला?"

निघायच्या दिवशी चाचा आले होते. त्यांनी मालकांना एकच इंग्रजी शब्द पाठ करून घेतला. "जिथे उतरशील तिथे कुणालाही तिकीट दाखव आणि म्हण, ट्रान्सफर. बस. आणि एक कर दोस्ता, रागावू नकोस. त्या विमानतळांवर रागावणाऱ्याला बाजूला बसवतात."

"मी कुठं रागावतंय!" मालक इतक्या जोरात ओरडले की वरच्या मजल्यावरून लोक बाहेर आले.

पुढचं मला ताईने फोनवर सांगितलं. ती बोलायची, मी थांबायचे, मग मी बोलायचे. मालक फिजीपर्यंत नीट पोचले. तिथे वारा सुटला आणि बारकं विमान उडेना. ते विमानतळावर बसून राहिले, आणि ते तिथे बसलेले असतानाच तिकडे बेटावर ताईला मुलगी झाली. ती म्हणाली, "हात धरायला नर्स होती गं. चांगली होती. पण मला तिची भाषा येत नव्हती." ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली.

वारा थांबल्यावर मालक पोचले. गेस्ट हाउसला गेलेच नाहीत, सरळ घरी आले. दारातूनच बाळ बघितलं. मग खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "पानी दे."

ताईने उठून स्वतः दिलं. त्यांनी ग्लास तोंडाला लावला, सगळं पाणी संपवलं, आणि मग जावयावर ओरडले. त्या बेटावरचं विहिरीचं पाणी मचूळ असतं, थोडं खारट. "असलं पानी पिते माझी पोरगी? दोन वरसं?" ताई म्हणाली, "तो ग्लास खाली ठेवेनात गं. हातात धरून तसेच उभे."

लाडू पोचले. आठ दिवसांत मुंग्यांनी निम्मे खाल्ले.

सव्वा महिन्याने मालक परत आले. ओट्यावर सगळे जमले. कुणीतरी विचारलं, "मालक, कसं काय बेट?"

"काय कसं? सगला बेट पायी फिरलो. सकाली निघालो, जेवाला घरी. जावयाला बोललो, कॉलेज दाखव. कुठं हाय कॉलेज, दाखव! न्हाय! एक शाला हाय, ती पन पत्र्याची. कॉलेज न्हाय तिथं!"

ते असे ओरडत होते, जणू कुणीतरी कॉलेज आहे सांगून त्यांना फसवलं होतं. लोक हसले. चाचाही हसले. "अरे, बेटावर कॉलेज शोधायला गेला होतास?" मालक कुणाकडेच बघत नव्हते. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी होते, आणि मला वाटलं होतं तसा माझा राग कमी झाला नाही. उलट वाढला. ताईचं काय सुटलं ते त्यांना आता दिसलं होतं.

काही दिवसांनी त्यांनी मला हाक मारली. दुपार होती, खाली माग जोरात चालू होते.

"ए पोरी! कॉलेजात न जाता परीक्षा देता येते ना? बाहेरनं?"

"येते," मी म्हणाले.

"मंग पुस्तकं कोनती लागतात ते तुना माहीत. आन. आनि पुस्तकांना किती विमानं बदलावी लागतात ते त्या चाचाला विचार. वजन पन विचार."

मी हो म्हणणार होते. पाऊल उचललंही होतं. मग थांबले.

"मालक, ताईला विचारलंत का?"

"काय?"

"तिला अजून शिकायचंय का. बाळाला घेऊन जमेल का तिला. की हेही तुम्हीच ठरवलंत?"

त्यांनी ओरडायला तोंड उघडलं. मला वाटलं, आता खोली गेली. आई वरच्या कठड्यावरून बघत होती. मालकांनी तोंड मिटलं. सदऱ्याच्या खिशातून मोबाईल काढला, डोळ्यांपासून लांब धरून बटणं बघितली, आणि तो माझ्यापुढे केला.

"लाव."

तो लांबलचक नंबर मला पाठ होता. मी लावला. पलीकडे रिंग वाजायला लागली तेव्हा फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी कानाशी धरला, ओट्याच्या टोकाला गेले आणि माझ्याकडे पाठ केली.

मग ते काहीतरी बोलले. मी चार पावलांवर उभी होते. माग चालू होते, आणि ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. त्यांचं बोलणं ऐकू न येण्याची ती पहिलीच वेळ.

त्या फोनवर उत्तर यायला वेळ लागतो. ते पुढचं काही बोलले नाहीत. फोन कानाशी धरून थांबून राहिले.